मिक्सर दुरुस्त करा, पण आधी बांगड्या सोडवा

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातून एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय ३९, घरात आई, बायको, दोन मुलं. भजन, दशावतार, नाटक, लग्न अशा कामांना ते साउंड लावतात. वर्षाला ९० कार्यक्रम, खर्च जाऊन प्रत्येकी ४,००० रुपये हाती, म्हणजे ३ लाख ६० हजार. त्यांचा २४ चॅनलचा जुना मिक्सर, म्हणजे सगळ्या माइकचे आवाज एकत्र करणारं यंत्र, घुमतो आणि तीन चॅनल खरखरतात. कारागीर दुरुस्तीचे ८,००० सांगतो. विक्रेता म्हणतो, २ लाखांचा डिजिटल घ्या, १० टक्के फ्लॅट व्याज, २४ हप्ते. काय करू, एवढाच प्रश्न. पण शेवटी जाता जाता एक ओळ आहे: विम्याच्या पॉलिसीचे दोन्ही हप्ते बायकोच्या बांगड्या गहाण ठेवून भरले, तिसरा जूनमध्ये आहे.

मिक्सरचं आधी उरकू. दोन लाखांवर दोन वर्षांचं फ्लॅट व्याज ४० हजार, हप्ता १०,०००. मुद्दल दर महिन्याला कमी होत असताना व्याज मात्र पूर्ण दोन लाखांवर लागतं, म्हणून खरा दर १८ टक्के पडतो. जून-जुलैत एकही काम नसतं असं तुम्हीच लिहिता, तेव्हा हा हप्ता कुठून भरणार? नवा मिक्सर आला की किनाऱ्यावरच्या हॉटेलांची लग्नं मिळतील, असं विक्रेत्याने सांगितलं. किती हॉटेलांनी तुम्हाला तारखा दिल्या आहेत? आणि उघड्यावरचा लाउडस्पीकर रात्री १० ला बंद करावा लागतो, त्यामुळे एका रात्रीत दोन कामं करून हप्ता काढू हा हिशेबही विसरा.

कारागिराकडे नेण्यापूर्वी घरीच थोडं तपासा. आमच्या भजनी मंडळाचा मिक्सर मी बरीच वर्षं सांभाळला, त्या अनुभवावरून सांगतो. सगळ्या केबल काढा, फक्त हेडफोन लावा. घुमणं थांबलं तर दोष मिक्सरचा नाही. अँप्लिफायर आणि लॅपटॉप वेगवेगळ्या सॉकेटवर असल्यामुळे अर्थिंगचा लूप (दोन अर्थमधून फिरणारा प्रवाह) होत असेल, दोन्ही एकाच बोर्डवर घ्या. अर्थची पिन मात्र कधीही काढू नका, त्यात जीव जातो. हेडफोनमध्येही घुमत असेल, तर बहुधा पॉवर सप्लायचे कपॅसिटर दमले आहेत. ते काम कारागिराचंच, कारण प्लग काढल्यावरही त्यांच्यात वीज साठलेली राहू शकते.

खरखरणाऱ्या चॅनलचा माइक, त्याच केबलसकट, शेजारच्या चांगल्या चॅनलला लावून बघा. तिथेही खरखर आली तर दोष केबलचा किंवा माइकचा. नाही आली तर त्या चॅनलच्या मागच्या 'इन्सर्ट' लिहिलेल्या भोकात जॅक आठ-दहा वेळा आत-बाहेर करा. आपल्या दमट हवेत ते कॉन्टॅक्ट काळे पडतात आणि आवाज तुटतो. फेडरवर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्टीवर, तुम्ही बिजागरीचा स्प्रे मारल्याचं लिहिता, ते पुन्हा करू नका. त्याने आतलं ग्रीस निघून जातं. फेडरला चालणारा कॉन्टॅक्ट क्लीनरच वापरा. एवढं करूनही ८,००० लागले तर द्या, दोन कार्यक्रमांत वसूल होतील. मग प्रत्येक कामामागे ५०० बाजूला काढा. वर्षाला ४५ हजार साठतात, साडेचार वर्षांत नवा मिक्सर रोखीने येईल.

आता ज्या ओळीने माझी झोप उडाली तिच्याकडे वळतो.

पॉलिसी अशी: १२ वर्षं दर वर्षी ६०,००० भरायचे, २० व्या वर्षी १४ लाख मिळणार, विमा ६ लाखांचा. परतावा साडेचार टक्क्यांच्या आसपास. आणि तो मिळवायला तुम्ही सोन्यावर १२ टक्क्यांनी कर्ज काढलं आहे! १ लाख २० हजारांचं वर्षाचं व्याज १४,४००. ज्याने ही पॉलिसी गळ्यात मारली, त्याने तुमचं पावसाळ्यातलं उत्पन्न विचारलं का? पाच माणसांचं पोट ज्याच्यावर आहे, त्याला ६ लाखांचं कवच विकताना त्याला काहीच कसं वाटलं नाही?

'दोन हप्ते बुडतील' ही तुमची भीती मला कळते. दोन्ही हप्ते पूर्ण बुडाले असं धरू. उरलेले दहा हप्ते पीपीएफ या सरकारी बचत योजनेत टाकले, तर सध्याच्या ७.१ टक्क्यांनी २० व्या वर्षी १५ लाखांच्या पुढे जातात. दर बदलू शकतो, पण तो सहा टक्क्यांवर आला तरी तेरा लाखांच्या वर होतात, आणि गरज पडली तर हप्ता कमी करता येतो. शिवाय सगळं बुडणारच नाही. दोन पूर्ण हप्त्यांनंतर सरेंडर केल्यावर, म्हणजे पॉलिसी मुदतीआधी बंद केल्यावर, काही रक्कम मिळते, साधारण ३० टक्के धरा, म्हणजे ३६ हजार. नेमका आकडा कंपनीकडून लेखी घ्या, एजंटाच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

पण पॉलिसी आजच मोडू नका. आधी ५० लाखांचा टर्म विमा (फक्त मृत्यूनंतर घरच्यांना पैसे देणारा) घ्या, तब्येत ठीक असेल तर वर्षाला दहा हजारांच्या आसपास बसेल. सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटीही नाही. तो हातात आला की जुनी सरेंडर करा आणि आलेले पैसे थेट सोन्याच्या कर्जात भरा. जूनच्या हप्त्यासाठी ठेवलेलं जे काही असेल तेही तिथेच. सीझनभर महिन्याला १०,००० टाकलेत, म्हणजे विक्रेता मागत होता तेवढेच, तर बांगड्या वर्षभरात घरी येतील. तोवर पीपीएफचाही विचार नको.

आईचं आणि मुलांचं दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं (गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं) कार्ड चालू आहे का, ते पत्रात नाही. चार किंवा जास्त माणसांच्या कुटुंबाला त्यात ४ लाखांपर्यंत कवच आहे. नूतनीकरण राहिलं असेल तर याच आठवड्यात करून घ्या. आणि हे उत्तर वहिनींना वाचून दाखवा, बांगड्या त्यांच्या आहेत.