विसरलेलं नाही, ठेवलेलं आहे

तुमचा हिरमोड समजतो. कुणा अनोळखी बाईला आनंद व्हावा म्हणून चॉकलेट, छोटी वही आणि चिठ्ठी चमकीच्या कागदात गुंडाळून तुम्ही ठाणे-वाशी लोकलच्या लेडीज डब्यात सीटवर ठेवलीत, कोपरखैरण्याला एका बाईंनी आरडाओरडा केला, पोलीस आले. आता विचारताय, लोकांना चांगुलपणा नकोसा झालाय का? मला विचाराल तर त्या बाईंचं काही चुकलं नाही. मीही तेच केलं असतं. तुम्ही मात्र दारात उभ्या राहून गंमत बघत होतात आणि तरी गप्प बसलात. पुन्हा असं झालं तर 'माझं आहे' म्हणून लगेच उचला.

11 जुलै 2006 ला पश्चिम रेल्वेच्या सात लोकलमध्ये स्फोट झाले. ज्यांच्या घरचं माणूस त्या दिवशी उशिरा पोहोचलं, अशा बायका आजही आपल्या डब्यात आहेत. 'बेवारस वस्तूला हात लावू नका' ही घोषणा आपण रोज ऐकतो. त्यात तुमचं पुडकं बंद, चकचकीत आणि बिननावाचं.

दुसरी गंमत माझी. काही वर्षांपूर्वी वाचून झालेला दिवाळी अंक मुद्दाम रॅकवर ठेवून मी तुर्भ्याला उतरले. मागून एक मुलगी धावत आली, "अहो काकू, तुमचं राहिलं!" तिची गाडी सुटली आणि अंक परत माझ्या पिशवीत. (काकू म्हणाली, हे वेगळंच.) तेव्हा कळलं की आपल्याकडे सीटवरची वस्तू एक तर घातपाताची, नाही तर कुणाची तरी विसरलेली. तिसरा प्रकार लोकांना ठाऊकच नाही, तो आपणच सांगायला हवा.

तेव्हापासून मी मुखपृष्ठावरच मोठ्या अक्षरांत कागद चिकटवते: 'हे विसरलेलं नाही, ठेवलेलं आहे. घेऊन जा, वाचून पुढे ठेवा.' चिठ्ठी आत ठेवून उपयोग नाही, आत बघायला आधी हात लावावा लागतो! अमेरिकेत 2001 साली सुरू झालेल्या 'बुकक्रॉसिंग'मध्ये पुस्तकाला क्रमांक देऊन त्याचा प्रवास वेबसाइटवर नोंदवतात. मला तेवढा उत्साह नाही. आपल्या आज्या लाडवात नाणं दडवून गुप्तदान द्यायच्या. देणारी समोर असायची, दान लपलेलं. लोकलमध्ये नेमकं उलट करायचं.

पुस्तकापेक्षाही कामाला येतात त्या सेफ्टी पिना. गर्दीत ओढणी फाटते, पर्सचा पट्टा तुटतो, साडीच्या निऱ्या सुटतात. पिनांचं पान सुतळीने डब्यातल्या दांडीला बांधते, वर 'लागली तर घ्या' असं लिहून. मला वाटलं होतं, पहिलीच बाई सगळं पान उचलून नेईल. संध्याकाळी परतताना योगायोगाने तोच डबा मिळाला, तर सहा पिना शिल्लक होत्या. संक्रांतीला आपण डब्यात वाण लुटतोच की, हे बाकीच्या महिन्यांचं वाण समजा. ऑफिसच्या स्वच्छतागृहात सॅनिटरी पॅडचं न फोडलेलं पाकीटही ठेवते.

खाण्याचं काही ठेवू नका, चॉकलेटसुद्धा नाही. अनोळखी माणसाने दिलेलं बिस्कीट खाऊ नये हे आपणच मुलांना शिकवतो, मग सीटवर पडलेलं चॉकलेट कोण खाणार? चहाच पाजायचा असेल तर ओळखीच्या टपरीवर दोन कपांचे जादा पैसे देऊन ठेवा आणि कुणाला द्यायचा ते चहावाल्यावर सोडा. त्याला गिऱ्हाईक आपल्यापेक्षा जास्त कळतं. येऊरला झाडांवर काही टांगायचा विचार असेल तर राहू द्या, तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि तिथली माकडं चिठ्ठी वाचत नाहीत. ठाण्यात तलावपाळीच्या बाकावर पुस्तक चालेल, पावसाळा सोडून.

घेणाऱ्याला आनंद झाला का, हे कसं कळणार, असंही विचारलंय. नाही कळणार. पुस्तक रद्दीत गेलं असेल, गाडी झाडणाऱ्या मावशींनी नातीसाठी नेलं असेल. मी ठेवते आणि उतरते.

उरलेला चमकीचा कागद भाचीच्या वाढदिवसाला वापरा.