रामकुंडावरून गोदाआरती लाइव्ह दाखवतो, चित्र सारखं अडकतं. 5जीवर डाउनलोड 100 एमबीपीएस दिसतो, मग असं का?

अडकतं ते अपलोडमुळे. डाउनलोडच्या 100चा इथे काही उपयोग नाही. 720पी, 30 फ्रेमला 3 ते 4 एमबीपीएस पुरतात, पण हाताशी त्याच्या दुप्पट अपलोड हवा. तो आरतीच्या वेळीच मोजा. दुपारी रिकाम्या घाटावर मिळालेला आकडा संध्याकाळी फसवतो, कारण टॉवर तोच आणि फोन शेकडो. दुसरं म्हणजे, तुम्ही बहुधा आरटीएमपीने (लाइव्ह व्हिडिओ पाठवायची रूढ पद्धत) पाठवताय. तो टीसीपीवर, म्हणजे सगळा डेटा क्रमानेच पोचवणाऱ्या पद्धतीवर चालतो: एक पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) हरवलं की ते पुन्हा येईपर्यंत मागचं सगळं खोळंबतं. दुसरा पर्याय एसआरटी. तो यूडीपीवर चालतो, ज्यात हरवलेल्या पॅकेटसाठी मागचं थांबत नाही. एसआरटी हरवलेलं पॅकेट ठरावीक वेळेपुरतंच पुन्हा मागतो, नाही आलं तर सोडून पुढे जातो. ओबीएस या लाइव्ह प्रक्षेपणाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही आहेत. मात्र तुमचा प्लॅटफॉर्म एसआरटी घेतो का ते आधी बघा, नाहीतर एसआरटी घेऊन आरटीएमपीने पुढे पाठवणारा स्वतःचा सर्व्हर मध्ये लागेल.

सेटिंग:
- बिटरेट (दर सेकंदाला जाणारा डेटा) स्थिर, म्हणजे सीबीआर
- कीफ्रेम (पूर्ण चित्र असलेली फ्रेम) दर 2 सेकंदांनी

आणि घाटालगतच्या एखाद्या दुकानातून फायबरची वायर ओढू दिली, तर मोबाइल डेटाच्या नादी लागूच नका.