लेकीची हिरवी बांगडी आणि सराफाचा काटा

प्रश्न : मुलगी सिंगापूरला असते. तिच्या चिनी सासूबाईंनी लग्नात तिच्या हातात एक अखंड हिरवी बांगडी घातली, जेडची आहे म्हणाल्या. इथे आमच्या सराफाला दाखवली तर तो म्हणतो हा पाचू नाही, साधा दगड आहे, काही किंमत येणार नाही. शिवाय दगडाचीच ती, फुटली तर अपशकुन, ही धास्ती वेगळीच. काय करावं?
– एक आई, सांगली

उत्तर : ताई, सराफाचं अर्धं बरोबर आहे, पाचू नाहीच तो. पण साधा दगड म्हणणं मला अजिबात पटत नाही. जेड या एका नावाखाली दोन वेगळे दगड येतात, नेफ्राइट आणि जेडाइट, ते वेगळे आहेत हे १८६३ मध्ये दामूर नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखवलं. चीनमध्ये हजारो वर्षं मान मिळाला तो नेफ्राइटला, जेडाइट तिकडे मुख्यतः १८व्या शतकापासून ब्रह्मदेशातल्या कचिन भागातून जायला लागला आणि त्याचा तो जिवंत हिरवा रंग बघून लोकांनी त्याला फेइत्सुई म्हटलं, म्हणजे आपला खंड्या पक्षी, त्याच्या पिसांवरून. आजही चांगला माल तिथल्याच फाकांतच्या खाणींतून येतो, आणि २०२० च्या जुलैमध्ये तिथेच मातीचा ढिगारा कोसळून १७० च्या वर माणसं गेली, हेही विसरता येत नाही.

आता किंमत. आपण सोनं काट्यावर तोलतो, इथे तसं चालत नाही, रंग किती एकसारखा, उजेड किती आरपार जातो, पोत किती बारीक हे बघतात. चिनी लोकांत म्हणच आहे की सोन्याला भाव असतो, जेडला भाव नसतो, म्हणजे ते अनमोल. २०१४ मध्ये हाँगकाँगला २७ मण्यांची एक माळ २ कोटी ७४ लाख डॉलरला गेली! तुमची बांगडी त्या तोडीची असेलच असं नाही हं, पण रत्नांच्या लॅबमध्ये तपासून घ्या आणि A, B की C एवढंच विचारा. A म्हणजे नैसर्गिक, फार तर वरून मेण लावलेलं, B म्हणजे ॲसिडने धुऊन आत पॉलिमर, म्हणजे प्लास्टिकसारखा पदार्थ, भरलेलं, C म्हणजे रंगवलेलं. घरी सुईने ओरखडून वगैरे बघू नका प्लीज.

आणि अपशकुनाचं. आपण बांगडी फुटली असंसुद्धा तोंडाने म्हणत नाही, वाढवली म्हणतो, त्यामुळे तुमची धास्ती मला कळते. पण त्यांच्याकडे समजूत नेमकी उलटी आहे, जेडची बांगडी तुटली तर तिने माणसावरचं संकट स्वतःवर घेतलं असं मानतात. सासूने सुनेच्या हातात ती घालणं म्हणजे तिला जपणं आहे, आणि घालतातही आपल्या कासारासारखीच, साबण लावून, हात दाबत दाबत. ती लेकीच्या हातात राहू द्या, विकायचा विचारही नको.

प्रश्न : ऑनलाइन स्वस्तात 'इंडियन जेड'ची माळ दिसते, घ्यावी का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : ते बहुतेक ॲव्हेंच्युरिन असतं, क्वार्ट्झच्या म्हणजे गारगोटीच्या घरातलं, आत बारीक चमचम दिसते. आवडली तर जरूर घ्या, पण क्वार्ट्झच्याच भावात.