परसातले हिवाळी पाहुणे : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नोव्हेंबरपासून परसात चिमणीएवढा एक पक्षी येतो. पाठ काळी, पोट विटकरी, शेपटी सारखी थरथरते. त्याच्यासाठी रोज मूठभर बाजरी टाकते, पण तो चोचही लावत नाही. सगळी बाजरी पारवे फस्त करतात. (वाचक, नाशिक)

उत्तर : हा कृष्ण थिरथिऱ्याचा नर. मादी मातकट तपकिरी, शेपटी मात्र तशीच तांबूस. हिमालयात आणि मध्य आशियात वीण आटोपून तो हिवाळ्यात आपल्याकडे उतरतो आणि मार्च-एप्रिलमध्ये परततो. त्याचं मुख्य अन्न किडे आणि कोळी, त्यामुळे बाजरीचा त्याला काही उपयोग नाही. धोबी, वटवट्या आणि माशीमार या हिवाळी पाहुण्यांचंही तेच. दाणे बंद करा, पारवेही हळूहळू पांगतील.

त्याऐवजी एका कोपऱ्यात पालापाचोळा राहू द्या. थर दोन-तीन इंचांचाच हवा, आठवड्यातून एकदा त्यावर पाणी शिंपडा. ओलाव्यामुळे आत किडे वाढतात. शेजारी तीन-चार फुटांची काठी रोवा. थिरथिरा अशा बुटक्या जागेवरून टेहळणी करतो आणि किडा दिसला की खाली झेपावतो. कीटकनाशक मारलंत तर मात्र हा सगळा खटाटोप फुकट.

पाण्यासाठी मातीची परळ उत्तम. पाणी एक ते दीड इंच, मध्ये एक दगड. झुडपापासून सहा-आठ फूट दूर ठेवा, म्हणजे मांजराला दबा धरता येणार नाही. नुसतं पाणी बदलणं पुरत नाही. डेंग्यू पसरवणाऱ्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात आणि भांडं वाळलं तरी तगतात. म्हणून पाणी रोज बदला आणि दोन-तीन दिवसांनी कड ब्रशने खरवडून घासा. साबण नको.

प्रश्न : पिवळट पोटावर काळी उभी रेघ असलेला इवलासा पक्षी खिडकीच्या काचेवर सारख्या चोची मारतो. आतून पडदा लावला, फरक नाही. (वाचक, पुणे)

उत्तर : जांभळ्या शिंजिराचा नर. वीण संपल्यावर त्याचा झळाळता रंग उतरतो आणि तेवढी रेघ उरते. नवा रंग चढू लागला की हद्दीची भांडणं सुरू होतात. काचेत त्याला प्रतिस्पर्धी दिसतो. प्रतिबिंब काचेच्या बाहेरच्या अंगाला पडतं, म्हणून आतला पडदा निरुपयोगी. गडद असेल तर काच आणखीच आरशासारखी होते. बाहेरून वर्तमानपत्र चिकटवा किंवा साबणाचं दाट पाणी फासा. गाडीच्या आरशावर जुना मोजा चढवला की झालं.

प्रश्न : पाचोळ्याच्या ढिगावर सकाळी उन्हात जाड साप पडलेला असतो. काहींच्या मते तो अजगराचं पिल्लू आहे. (वाचक, सातारा)

उत्तर : अंगावर साखळीसारख्या गोल गडद ठिपक्यांच्या तीन रांगा असतील आणि डिवचल्यावर कुकरच्या शिटीसारखा फुत्कार येत असेल तर ती घोणस, अत्यंत विषारी. अजगराच्या अंगावरचे डाग वेडेवाकडे, मोठाले असतात. खात्री करायला जवळ जाऊ नका. हिवाळा हा घोणशीच्या मीलनाचा काळ, त्यामुळे आसपास दुसरीही असू शकते. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

वर थिरथिऱ्यासाठी पाचोळा ठेवा म्हटलं, ते यामुळे रद्द होत नाही. फरक थर आणि ढीग यातला आहे. ढिगात, विटांत, लाकडांत उंदीर घर करतात आणि घोणस उंदरांमागे येते. सांडलेली बाजरी, कोंबड्यांचं खाद्य हेच उंदरांना आमंत्रण. पाचोळा घराच्या भिंतीपासून किमान पंधरा फूट लांब असावा, तो दाताळ्यानेच ओढा, हाताने नाही. फिनेल-लसणाने साप जात नाहीत. अंधारात टॉर्च आणि घोट्यापर्यंतचे बूट हवेतच.

चावा झालाच तर तो अवयव हलू देऊ नका. आवळून बांधणं, चिरा देणं टाळा आणि प्रतिसर्पविष असलेल्या रुग्णालयात थेट जा.