दिवाळीत सिंगापूर, की फेब्रुवारीत हैदराबाद?

प्रश्न : आम्ही यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याजवळच्या एका गावात राहतो. नऊ एकर वावर, कापूस आणि तूर. पत्नी आरोग्य केंद्रात कंत्राटी नर्स आहे, पगार 28 हजार. मुलगी 11 वर्षांची, मुलगा 6 वर्षांचा, सोबत 67 वर्षांची आई. मुलांना मोठं थीम पार्क दाखवायचं कबूल केलं आहे. एका एजंटने दिवाळीच्या सुट्टीत पाच जणांचं सिंगापूर पॅकेज 5 लाख 60 हजारांना सांगितलं, त्यात युनिव्हर्सल स्टुडिओज आहे. पतसंस्थेतली 2 लाख 40 हजारांची ठेव मोडून आणि 3 लाखांचं पर्सनल लोन काढून जावं का? 45 क्विंटल कापूस होईल, हमीभावाने विकला की लोन फिटेल. पीक कर्ज 1 लाख 60 हजार आहे. एजंट म्हणतो, याच आठवड्यात 1 लाख भरा.

उत्तर : दादा, एजंटला या आठवड्यात काहीही देऊ नका. मुलांना दिलेला शब्द मात्र याच वर्षी पाळा. या दोन्ही गोष्टी एकत्र जमतात, आणि त्यासाठी कर्ज लागत नाही.

आधी बेरीज बघा. ठेव आणि लोन मिळून होतात 5 लाख 40 हजार. पॅकेजलाच 20 हजार कमी पडतात. पाच पासपोर्टचे साडेसहा हजारांच्या आसपास वेगळे लागतील. परदेशी सहलीच्या पॅकेजवर एजंटला टीसीएस, म्हणजे आगाऊ घेतला जाणारा आयकर, गोळा करावा लागतो. विवरणपत्र भरून तो परत मागता येतो, पण आज खिशातूनच जातो, म्हणून तो 5 लाख 60 हजारांत धरला आहे का हे लेखी विचारायला हवं होतं. नागपूरहून सिंगापूरला थेट विमान नाही. हैदराबाद किंवा मुंबईपर्यंतचा प्रवास कोणाच्या खर्चाने, हेही तुमच्या पत्रात नाही. तिथलं जेवण, पाणी आणि मुलांचा हट्ट धरला तर हा आकडा 6 लाखांच्या पुढे जातो.

आता लोन. 3 लाख, 14 टक्के व्याज, तीन वर्षं, असं धरलं तर महिन्याचा हप्ता साधारण 10,250 रुपये येतो आणि एकूण व्याज 69 हजारांच्या वर जातं. नुसत्या या व्याजात काय होतं ते पुढे सांगतो. माझी खरी हरकत हप्त्याच्या तारखेवर आहे. हप्ता दर महिन्याला येतो, तुमचा चुकारा, म्हणजे कापूस विकल्याचे पैसे, वर्षातून एकदा. मधले महिने तो हप्ता वहिनींच्या पगारातून जाणार, आणि त्यांची नोकरी कंत्राटी आहे. कंत्राटाची ऑर्डर पुढे वाढायला दोन महिने लागले तर काय, याचा विचार सहलीआधी झाला पाहिजे.

कापसाचा हिशेबही तुम्ही वरच्या टोकाचा धरला आहे. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये होता आणि मध्यम धाग्याचा 7,710. हा भाव 8 टक्के ओलाव्याला असतो, त्यापुढे कपात होते आणि 12 टक्क्यांच्या वर सीसीआय, म्हणजे भारतीय कापूस महामंडळ, कापूस घेत नाही. पहिल्या वेचणीचा ओला माल घरात ठेवायला जागा नसली की तो व्यापाऱ्याकडेच जातो, हे मी तुम्हाला सांगायला नको. म्हणून 7,000 धरा. 45 क्विंटलचे 3 लाख 15 हजार होतात. त्यातून पीक कर्जाचे 1 लाख 60 हजार काढा. वेचणीची मजुरी आणि कृषी केंद्राची उधारी मिळून 70 हजार धरा. उरले 85 हजार आणि तुरीचे जे येतील ते. हे 85 हजारसुद्धा बोंडअळीने फार नुकसान केलं नाही तरच, आणि ते ऑक्टोबर-नोव्हेंबरात दिसेल. एजंटला पैसे त्याच्या आधी हवे आहेत.

पीक कर्ज मुदतीत फेडणं या सगळ्यात सर्वात मोलाचं आहे. 3 लाखांपर्यंतचं पीक कर्ज वेळेत भरलं की केंद्राची आणि राज्याच्या पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेची सूट मिळून व्याज शून्यावर येतं. इतका स्वस्त पैसा तुम्हाला दुसरीकडे कुठेच मिळणार नाही. सहलीच्या हप्त्यापायी हे खातं थकलं तर सवलत जाते आणि पुढच्या पेरणीचं कर्ज अडतं.

पैशांपलीकडचं एक कारणही आहे, आणि मला ते तितकंच मोठं वाटतं. मुलगा सहा वर्षांचा आहे. या वयाची मुलं साधारण 115 सेंटिमीटरच्या आसपास असतात. युनिव्हर्सलमधल्या ममीच्या राइडला 122 सेंटिमीटर उंची लागते, बॅटलस्टार गॅलॅक्टिकाला 125. म्हणजे एवढा खर्च करून ताई आत जाणार आणि धाकटा तुमचा हात धरून बाहेर थांबणार. चार वर्षांनी तो दहाचा होईल, तेव्हा हा प्रश्नच उरणार नाही. सिंगापूर तेव्हासाठी ठेवा.

यंदा हैदराबादला जा. पांढरकवड्यावरून राष्ट्रीय महामार्ग 44 थेट तिकडे जातो, सुमारे साडेतीनशे किलोमीटर. खोपोलीजवळचं इमॅजिका आपल्या राज्यात असलं तरी तुमच्या गावाहून ते याच्या दुपटीच्या आसपास दूर पडतं, आणि आईंचे गुडघे तेवढा प्रवास करून आले तर पार्कात चालणार कसे? हैदराबादच्या रविर्यालला वंडरला आहे, 2016 पासून सुरू, पाण्याचे आणि कोरडे दोन्ही खेळ एकाच तिकिटात. रामोजी फिल्म सिटीची जगातलं सर्वात मोठं चित्रपट स्टुडिओ संकुल म्हणून गिनेसमध्ये नोंद आहे. तिथे बसमधून फिरवतात, त्यामुळे आईंनाही दिवस सुखाचा जाईल. दोन्ही ठिकाणं शहराच्या दक्षिण-पूर्व अंगाला आहेत, बाह्यवळण रस्त्याने शहरात न शिरता एकीकडून दुसरीकडे जाता येतं.

सहल निवांत व्हायची असेल तर पैसे मोकळ्या वेळेवर खर्च करा. चार मुक्काम ठेवा. सोमवारी प्रवास, मंगळवारी वंडरला, बुधवारी काहीच नाही, गुरुवारी रामोजी, शुक्रवारी परत. तो बुधवार कोणी कितीही सांगितलं तरी भरू नका. मुलं उशिरा उठतील, दुपारी वाटलं तर सालारजंग संग्रहालय बघा, नाही वाटलं तर खोलीवर पडून राहा. मोठ्या पार्कात दिवसभर उन्हात चालणं आणि रांगा असतात. लागोपाठ दोन दिवस ते केलं की दुसऱ्या दिवशी दुपारी मुलं रडतात आणि मोठी माणसं एकमेकांवर चिडतात. तिकिटाचे पैसे तेव्हा खरे वाया जातात.

खर्चाचा माझा अंदाज असा : दोन खोल्या चार रात्री 20 हजार, दोन्ही पार्कांची तिकिटं 16 हजार, गाडीचं डिझेल आणि टोल 8 हजार, जेवणखाण 12 हजार, वरखर्च 10 हजार. एकूण 66 हजार. वर सांगितलेलं लोनचं नुसतं व्याज 69 हजार होतं.

वंडरलाचं तिकीट वयावर नसून उंचीवर ठरतं, म्हणून दोघांची उंची घरीच मोजून घ्या. पाण्यात सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनचे इथूनच घेऊन जा, गेटवर महाग पडतात.

दिवाळीत जाऊ नका. तेव्हा वावरात वेचणी सुरू असते, मजुरांना रोख द्यावी लागते आणि पार्कात पाय ठेवायला जागा नसते. फेब्रुवारीचा दुसरा किंवा तिसरा आठवडा धरा. बराचसा कापूस विकून झालेला असतो, तूर निघालेली असते, ऊन चढलेलं नसतं. मुलांची पाच दिवस शाळा बुडेल. पहिलीच्या आणि सहावीच्या मुलांसाठी मला ते चालण्यासारखं वाटतं, पण वर्गशिक्षकांना आधी सांगा, अभ्यास मागून घ्या. जून मोकळा वाटेल, आपल्या विदर्भातल्या शाळाही उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, पण पाऊस कधी पडेल आणि पेरणी कधी करावी लागेल याचा नेम नाही.

पैसे असे उभे करा. वहिनींच्या पगारातून या महिन्यापासून दर महिन्याला 6 हजार बँकेत बाजूला टाका. जानेवारीपर्यंत पाच हप्ते, 30 हजार. उरलेले 36 हजार कापसाच्या चुकाऱ्यातून, पण पीक कर्जाची रक्कम बाजूला काढल्यावरच. कापूस फसला तर रामोजी गाळा, एक मुक्काम कमी करा आणि वंडरला तेवढं करा. मुलांना तेही पुरेल.

ठेव मोडू नका, पण ती पतसंस्थेत ठेवणं मला पटत नाही. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. मुदत संपली की ही रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत किंवा पोस्टात हलवा. आईंचं आजारपण, विहिरीची मोटर, कंत्राटाचा खंड, या तिन्हींसाठी घरात दुसरं काही नाही.

सहलीनंतर ही बचत बंद करू नका, महिन्याला 8 हजारांवर न्या. चार वर्षांत 3 लाख 84 हजार आणि व्याज होईल, दर हंगामात जमेल तसे 40 हजार टाका. तोवर पॅकेजही महागेल, म्हणून रक्कम दर वर्षी थोडी वाढवा. मुलांचे पासपोर्ट आत्ता काढू नका, लहान मुलांच्या पासपोर्टची मुदत पाच वर्षांचीच असते.

एजंटला फोन करून सांगा की यंदा नाही. तो भाव वाढेल म्हणेल, तरी 1 लाख देऊ नका. आधीच काही टोकन दिलं असेल तर पावती आणि परताव्याच्या अटी मला पाठवा, काय करायचं ते त्यावर कळवतो.