एप्रनमध्ये सिगरेट ओढणारी पोरं माझ्या वडिलांना काय सांगणार?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वडिलांना धाप लागते म्हणून बेळगावला एका मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात ठेवलं होतं. तिथल्या शिकाऊ डॉक्टरनं "आजपासून बिडी बंद" असा दम भरला. संध्याकाळी तुम्ही चहाला खाली उतरलात, तर तोच पोरगा गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून टपरीवर झुरके मारत उभा. वर जाऊन वडिलांना सांगितलंत, तर ते म्हणाले, "मग मीच काय पाप केलंय?" आता ते बिडी सोडायला तयार नाहीत, आणि तुम्ही विचारताय की असल्या डॉक्टरांवर विश्वास ठेवायचा कसा, यांना कॉलेजात हे शिकवत नाहीत का.

शिकवतात. वीसेक वर्षांपूर्वी त्या पोराच्या जागी मी उभा होतो. टपरी वेगळी असेल, एवढंच.

आधी घरचं सांगतो, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मी निपाणीजवळच्या एका खेड्यातला. तंबाखूचे शेंडे खुडताना हाताला काळा चिकट चीक बसायचा, राखेनं घासला तरी पुरता निघायचा नाही, आणि त्या हातानं भाकरी मोडली तर ती कडू लागायची. आजी निपाणीला वखारीत तंबाखू चाळायला जायची. परत आली की तिच्या लुगड्याला असा खाट असायचा की आम्ही पोरं शिंकून बेजार. १९८१ साली शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं तंबाखूच्या भावासाठी पुणे-बंगळूर हायवे अडवला, तेव्हा आमचे आजोबा रस्त्यावर बसलेले होते. ६ एप्रिलला गोळीबार झाला, माणसं गेली. आजोबा त्या दिवसाबद्दल कधी फारसं बोलले नाहीत. माझी एमबीबीएसची पहिली फी त्याच पिकाच्या पट्टीतून भरली गेली. त्यामुळं "तंबाखू वाईट" हे वाक्य आमच्या घरात मोठ्यानं कोणी म्हणत नसे. आजी सकाळी तव्यावर तंबाखू भाजून मिश्री करायची, दिवसातून चारदा दात घासायची, आणि त्याला व्यसन म्हणायची आमच्यात पद्धतच नव्हती. बिडी मात्र व्यसन. सिगरेट म्हणजे तर शिकलेल्याचा माज.

हा माज मला दुसऱ्या वर्षी चढला. अभ्यासाचा ताण, रात्रपाळ्या वगैरे कारणं सगळे सांगतात, मीही सांगायचो. खरी गोष्ट जरा ओशाळवाणी आहे. सिनियर पोरं टपरीवर तुमच्याशी बरोबरीनं बोलतात. वॉर्डात जो "ए, फाइल आण" म्हणतो, तोच तिथं खांद्यावर हात टाकून कोणता परीक्षक काय विचारतो ते सांगतो. मी खेड्यातला, मराठी शाळेतला. इंग्रजी अडखळत, कन्नड तर त्याहून वाईट. एक बाय-टू चहा, म्हणजे एकाचा दोघांत वाटलेला, आणि एक सुट्टी सिगरेट, एवढ्या भांडवलावर मला माणसांत घेतलं गेलं.

दुसरं कारण हाउस सर्जन, म्हणजे शिकाऊ डॉक्टर, झाल्यावर कळलं. छत्तीस तास उभं राहिल्यावर "सर, जरा पाच मिनिटं बसतो" म्हणून बघा, काय ऐकावं लागतं ते. पण "सर, एक मारून येतो" म्हटलं की कोणी अडवत नाही. आमच्या काळात सिगरेट ओढणाऱ्यालाच सुट्टी मिळायची. न ओढणारी पोरं बिचारी सलग राबायची.

आणि डोकं शांत होतं म्हणाल, तर तीही अर्धी फसवणूक. निकोटीन झुरक्यानंतर काही सेकंदांत मेंदूत पोचतं आणि साधारण दोन तासांत रक्तातलं निम्मं उतरतं. उतरलं की चिडचिड सुरू होते. पुढची सिगरेट ती चिडचिड घालवते, आणि आपल्याला वाटतं तिनं ड्युटीचा ताण घालवला. फार्मॅकॉलॉजीच्या पेपरात हे मी व्यवस्थित लिहिलं होतं. पेपर संपल्यावर बाहेर येऊन एक पेटवली. कळतं पण वळत नाही, हे आपल्याकडं उगाच म्हणत नाहीत.

मुलींचं वेगळं. आमच्या बॅचची एक मुलगी ओढायची. तिच्याबद्दल जे बोललं जायचं, ते बोलणारे निम्मे लोक तिच्याच काडेपेटीतून पेटवायचे. जास्त काय सांगू.

तर वॉर्डातली गोष्ट. मेडिसिनला पोस्टिंग होतं, आणि माझ्या कन्नडची तिथं रोज शोभा व्हायची. दोन वाक्यं मी पाठ केलेली. एक, "दिनक्क एष्ट बीडी सेदतीरि?", म्हणजे दिवसाला किती बिड्या ओढता. दुसरं, "बीडी बिडी". पहिली बीडी आपलीच, दुसरं बिडी म्हणजे सोडा. हे मी म्हटलं की अख्खा वॉर्ड हसायचा, पेशंटसुद्धा, आणि हसता हसता त्यांना खोकल्याची उबळ यायची.

त्या दिवशी कन्नडची गरज नव्हती. खाटेवरचे पेशंट आजोबा निपाणीकडचेच होते, उभा जन्म तंबाखूच्या वखारीत हमाली केलेले. छाती फुगून पिंपासारखी झालेली, ओठ निळसर, बसल्या बसल्या धाप. धमनीतलं रक्त तपासायला घ्यायचं होतं. ते मनगटातून घेतात आणि दुखतं फार, म्हणून मी त्यांचा हात उशीवर ठेवून वाकलो होतो. खाली टपरीवरून नुकताच आलेलो, तोंडात वेलदोडा. रक्त मिळालं, कापूस दाबून धरला. तेवढ्यात त्यांनी दुसऱ्या हातानं माझी बोटं धरली आणि नाकाशी नेली. एकदा हुंगलं, थांबून परत हुंगलं, वखारीत माल पारखतात तसं.

"डाक्टर, ह्यो आपल्यातला तंबाखू न्हवं," ते म्हणाले. "ह्यो सिग्रेटीचा. तिकडचा, आंध्राकडला."

बरोबर होतं त्यांचं. निपाणीचा तंबाखू बिडीचा, सिगरेटचा व्हर्जिनिया आंध्रातून किंवा म्हैसूर भागातून येतो. बिडी ओढून ओढून नाक मरतं असं पुस्तकात लिहिलंय. वखारीतल्या माणसाला ते लागू नसावं.

त्यांनी टोमणा मारला नाही. चेहऱ्यावर राग नव्हता, उलट ओळख पटल्यासारखं काहीतरी होतं. हात सोडला आणि डोळे मिटले. यानंतर केसपेपरवर मला एक रकाना भरायचा होता. रोजच्या बिड्या गुणिले वर्षं, याला स्मोकिंग इंडेक्स म्हणतात. रोज वीस बिड्या तीस वर्षं ओढल्या की सहाशे, आणि तीनशेच्या पुढं गेला की आम्ही मनात धोक्याची खूण करतो. तो आकडा काढायला त्यांना विचारावं लागणार होतं: आजोबा, दिवसाला किती? मी विचारलं नाही. "स्मोकर" एवढंच लिहून पुढच्या खाटेकडं गेलो. पुढच्या खाटेवरच्या माणसालाही विचारलं नाही. माझा स्वतःचा इंडेक्स काढला, रोज आठ गुणिले चार, बत्तीस. वा, म्हटलं, अजून खूप वाव आहे.

तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर या रकान्यात आहे. लोक म्हणतात, लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. कोरड्या पाषाणानं सांगितलं म्हणून ज्ञान खोटं होत नाही. त्या पोरानं तुमच्या वडिलांना जे सांगितलं ते शंभर टक्के खरं आहे. मला भीती वाटते ती सांगायचंच सोडून देणाऱ्या डॉक्टरची. स्वतः ओढणारे डॉक्टर पेशंटला सोडायचा सल्ला कमी देतात, हे निरनिराळ्या देशांतल्या पाहण्यांत पुन्हा पुन्हा दिसलंय. कारण आळस नसतो, लाज असते. पुढची सहा-सात वर्षं मीही त्यातलाच होतो. तुमच्या त्या पोरानं निदान दम तरी भरला. खिशात पाकीट असताना दम भरायला काय लागतं हे मला ठाऊक आहे, म्हणून त्याच्याबद्दल माझं मत तुमच्याइतकं वाईट नाही. टपरीवर एप्रन घालून उभं राहायला नको होतं, हे मात्र खरं. एप्रनचे जंतू आणि एप्रनची अब्रू, दोन्हींसाठी.

आणि गंमत बघा, तंबाखूनं माणूस मरतो याचा भक्कम पुरावा जगाला मिळाला तो सिगरेट ओढणाऱ्या डॉक्टरांकडूनच. १९५१ साली ब्रिटनमध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल या संशोधकांनी तिथल्या डॉक्टरांना पत्र पाठवून विचारलं, तुम्ही ओढता का, किती ओढता. सुमारे ४०,००० जणांनी उत्तर दिलं. मग कोण कधी आणि कशानं मेलं याची नोंद पन्नास वर्षं ठेवली गेली. डॉल स्वतः ओढायचे. त्याआधीच्या फुफ्फुसाच्या कॅन्सरवरच्या अभ्यासात आपलेच आकडे बघून त्यांनी सोडली. २००४ मध्ये पन्नास वर्षांचा हिशोब छापून आला. ओढत राहिलेले सरासरी दहा वर्षं आधी गेले. तिसाव्या वर्षाच्या सुमारास सोडलेल्यांची जवळजवळ सगळी दहा वर्षं वाचली, चाळिसाव्या वर्षी सोडलेल्यांची नऊ, पन्नासाव्या वर्षी सोडलेल्यांची सहा, साठाव्या वर्षी सोडलेल्यांची तीन.

तुम्ही वडिलांचं वय लिहिलेलं नाही. साठीच्या आसपास असतील तर "आता सोडून काय उपयोग" हे त्यांचं पुढचं वाक्य असणार, म्हणून ते तीन वर्षांचं लक्षात ठेवा. गेलेलं फुफ्फुस परत येत नाही, पण घसरण मंदावते, आणि बाथरूमपर्यंत स्वतः चालत जाता येणं ही धापेच्या आजारात फार मोठी चैन असते. "बिडीत काय, पान आणि तंबाखू, सिगरेटीसारखं केमिकल नाही" हेही ऐकाल. ते पटवून घेऊ नका, बिडी सिगरेटहून सौम्य नाही.

एकदम बंद केल्यावर पहिले तीन दिवस सगळ्यात वाईट. चिडतील, झोपायचे नाहीत, तुमच्या आईशी भांडतील, खोकला उलट वाढल्यासारखा वाटेल. दोन-चार आठवड्यांत ओसरतं. निकोटीनचं च्युइंगगम मिळतं, त्यांच्या डॉक्टरांना विचारून घ्या. आपल्याकडची माणसं ते नुसतं चघळून गिळतात आणि मग उचकी लागली म्हणून टाकून देतात. थोडं चावायचं, झिणझिण्या आल्या की दाढेत धरून ठेवायचं. तंबाखूची चिमूट धरतात तसं, असं सांगितलं की आमच्या भागात लगेच समजतं. बिडीच्या बंडलावर १८००-११-२३५६ हा नंबर छापलेला असतो. फुकट आहे, आणि मराठीत बोलतात.

मी कसा सोडला? तीनदा सोडला. कॉलेजात दोनदा, ते धरू नका. तिसऱ्यांदा चिकोडी तालुक्यातल्या एका गावात दवाखाना टाकल्यावर. खेड्यात डॉक्टरला टपरीवर उभं राहता येत नाही, म्हणून टपरीवाल्याचा पोरगा मागच्या दारानं पाकीट आणून द्यायचा, महिन्याची उधारी. एक दिवस टपरीवालाच आला, छाती भरलेली, घशात शिट्टी वाजतेय. तपासलं, आणि बऱ्याच वर्षांनी तो प्रश्न तोंडातून गेला: दिवसाला किती?

"दोन बंडलं," तो म्हणाला. "खरं डॉक्टर, तुमचं तेवढं मागचं खातं मिटवा, मग मी सोडतो."

चारशेच्या वर झाली होती उधारी. दिली, आणि पोराला मागच्या दारानं यायचं बंद केलं. त्यानं सोडायला वर्ष घेतलं, मी पाच महिने. मध्ये दोघंही एकेकदा घसरलो, एकमेकांना कळू न देता.

पुढच्या तपासणीला वडिलांना न्याल तेव्हा तो पोरगा तिथं भेटला तर भांडू नका. बाजूला घेऊन विचारा, बाबा रे, तू किती वेळा सोडून बघितलीस? लाजेल जरा. मग त्याला वडिलांशेजारी बसवा आणि तुम्ही चहाला जा. तिसऱ्या रात्री काय होतं, हे तो त्यांना पुस्तक न उघडता सांगू शकेल.