कुर्ल्यांचे पाय आणि माईचा रस

प्रिय चिऊ,

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, माई खेकड्यांचे पाय कुटून गाळायची, ते तुम्ही गरीब होता म्हणून का?" मी हसून विषय बदलला, पण प्रश्न लागला मला. म्हणून लिहितोय.

ओढग्रस्त होतीच. मालवणच्या घरी पंगतीला माणसं भरपूर, कुर्ल्या मोजक्या. नांग्या, म्हणजे डेंगे, आप्पांना नि पाहुण्यांना, मधला भाग आम्हा पोरांना. उरायचे बारीक पाय. ते फोडून हाती काही लागत नाही, पण चव सगळी त्यांतच. माई मागीलदारी पाट्यावर ते कच्चेच ठेचायची, पाणी घालून फडक्यातून पिळायची, चोथा परत वाटून परत पिळायची. खाली राखाडी, गढूळ पाणी उतरायचं. ते चुलीवर चढलं की तिची पळी थांबत नसे. थांबली तर रस फाटतो. त्यातलं मांस थिजून वर गोळा होतं आणि खाली नुसतं पाणी राहतं. मंद आचेवर ढवळत राहिलं तर मऊ, एकजीव होतो. मग भाजल्या खोबऱ्याचं वाटप, सोलं, म्हणजे कोकमं, अगदी शेवटी. कवचाची एवढीशी कच कुणाच्या दाताखाली आली तर माई दिवसभर हळहळायची. नुसतं पोट भरायचं असतं तर इतकं निगुतीनं कोण गाळेल?

एवढंच ठणकावून सांगणार होतो. पण माईच्या ताटात डेंगा पाहिल्याचं काही मला आठवत नाही. तिला भात आणि तो रस. "माका ह्योच आवडता," म्हणायची. बाय आत्या म्हणते, खरंच आवडायचा. असेलही. मला अजून नीट ठरवता येत नाही.

तुला आवडतं ते बिस्क सूपही कवचं ठेचून, शिजवून, गाळूनच करतात. पण तो दाखला देऊन तुझ्याकडून हो म्हणवून घ्यायचं नाहीये.

नाताळात येशील तेव्हा जिवंत कुर्ल्या मिळाल्या तर करीन. मेलेल्या नकोत, त्या लगेच बिघडतात. पाट्याऐवजी मिक्सर. त्यात कवचाचा फार बारीक चुरा होतो, म्हणून गाळणीवर मलमल घालतो. वाटलं तर ढवळायला उभी राहा, नाहीतर सरळ जेवायलाच बस. वरणभातही लावीन.

तुझा,
बाबा